सोसायटीचा रेट बाजूला ठेवून कामाच्या मावशींचा पगार कसा ठरवायचा

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत कुणी नवीन राहायला आलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी ग्रुपवर मेसेज पडतो, केर-फरशी-भांड्याला मावशी हव्यात, सध्या रेट काय चालू आहे? पाच मिनिटांत चार जण आकडे टाकतात आणि कुणीतरी हमखास लिहितं, प्लीज कुणी जास्त देऊ नका, बाकीच्यांना त्रास होतो. मी पण सहा वर्षं तोच रेट देत होते. केर, फरशी, भांडी मिळून २५०० रुपये. आपण वेळेवर देतो, दिवाळीला साडी देतो, चहा देतो, मग आपण चांगलेच आहोत असं मला मनापासून वाटायचं.

मग गेल्या पावसाळ्यात मावशींचा मुलगा डेंग्यूने आजारी पडला, हॉस्पिटलने आधी डिपॉझिट भरा म्हणून सांगितलं आणि त्यांनी वस्तीतल्याच एकाकडून ४० हजार उचलले, शेकडा पाचने. शेकडा पाच म्हणजे महिन्याला शंभराला पाच रुपये. महिन्याचं व्याज २००० रुपये, मुद्दल तसंच. म्हणजे माझ्या घरी महिनाभर राबून मिळालेल्या २५०० मधले २००० थेट सावकाराला. वर्षाचा हिशोब केला तर ६० टक्के होतात, आणि मला बँकेने घरासाठी साडेआठ टक्क्यांनी कर्ज दिलंय, वर खालच्या आवाजात "मॅडम अजून टॉप-अप हवा का" असं विचारलंय. ज्याच्याकडे आहे त्याला पैसा स्वस्त आणि ज्याच्याकडे नाही त्याला महाग. विषमता म्हणजे काय हे मला त्या दिवशी ओट्यापाशी उभं राहून कळलं, आणि तेव्हापासून मी पगार कसा ठरवते ते इथे सगळं लिहिते आहे.

आधी हा रेट येतो कुठून ते बघा

हे समजून घेतलं नाही तर पुढचा हिशोब तुम्हाला दानधर्म वाटेल, म्हणून थोडं सविस्तर.

रेट कुणी बसून ठरवलेला नाही. आपण शेजारच्यांना विचारतो, शेजारच्यांनी त्यांच्या शेजारच्यांना विचारलेलं असतं, आणि या सगळ्यात ज्या बाईचं पोट त्यावर आहे तिला कुणीच विचारलेलं नसतं. ती एकटी आहे, आपण चाळीस फ्लॅट आहोत. तिने वाढवून मागितलं तर आपण दुसरी बघू शकतो, तिला मात्र एक घर सुटलं की त्या महिन्याचं भाडं अडतं. भाव करायची ताकदच सारखी नाही, मग भाव बरोबर कसा निघणार?

दुसरं म्हणजे या कामाला आपण कामच समजत नाही, कारण घराघरात ते बायका फुकट करत आल्यात. केंद्र सरकारचा २०२४ चा वेळ-वापर सर्व्हे आहे, त्यात स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं बिनपगारी घरकामात जातात आणि असं काम करणाऱ्या पुरुषांची ८८. जे काम आई फुकट करत होती त्याला पैसे देताना हात आखडतोच. माझाही आखडत होता, आणि मी स्वतः ऑफिसात समान पगारावर भांडलेली बाई आहे.

तिसरं, लोक या कामात येतात कसे. आमच्या मावशींची आई ७२ च्या दुष्काळात सोलापूरकडून पुण्याला आली, आधी बांधकामावर आणि मग धुण्याभांड्यांना. तेव्हा जगायला आलेल्या किती कुटुंबांची आज तिसरी पिढी सुतारदऱ्यात, किष्किंधानगरात, पर्वतीच्या पायथ्याला जनता वसाहतीत आहे. जमीन नाही, शिक्षण अर्धवट, ओळख नाही, त्यामुळे जे काम लगेच मिळतं ते धरायचं. मुलगी पण आईबरोबर यायला लागते, आई आजारी पडली की तिच्या जागी उभी राहते, शाळा सुटते. असं करत आईचा रेट मुलीला वारशात मिळतो.

आणि जात. हे लिहायला अवघड वाटतं पण टाळून चालणार नाही. स्वयंपाकाच्या काकूंचा रेट आणि संडास-बाथरूम धुणाऱ्या बाईंचा रेट यात जो फरक आहे तो फक्त कौशल्याचा नाही. २०१७ मध्ये याच पुण्यात स्वयंपाकाला आलेल्या बाईने जात लपवली म्हणून पोलिसात तक्रार झाली होती, तेव्हा सगळ्या पेपरांत आलं होतं. कुठलं काम कुणी करायचं आणि त्याला किती मान आणि दाम हे शेकडो वर्षं आधीच ठरलेलं असतं आणि आपण त्याला मार्केट रेट म्हणतो.

एकूण देशातही तेच चित्र आहे. वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या अभ्यासात २०२२-२३ साली देशातल्या वरच्या १ टक्का लोकांच्या हातात एकूण उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला उत्पन्नातला हाच वाटा साधारण ६ टक्के होता. तुम्ही म्हणाल आम्ही कुठे त्या १ टक्क्यात, आम्हालाच ईएमआय आहेत. बरोबर आहे. पण सरकारच्याच खर्चाच्या सर्व्हेत २०२२-२३ ला शहरातल्या सगळ्यात वरच्या ५ टक्के लोकांचा माणशी महिन्याचा खर्च सरासरी २०,८२४ रुपये होता आणि सगळ्यात खालच्या ५ टक्क्यांचा २,००१. आपल्या घराचा माणशी खर्च काढून बघा. मी काढला. आपण कुठल्या टोकाजवळ उभे आहोत ते मला तेव्हा दिसलं.

आता हिशोब, कागद-पेन घ्या

पहिल्यांदा तास मोजा. आपण "झाडू-फरशीचे इतके, भांड्याचे इतके" असं कामावर बोलतो त्यामुळे वेळ दिसतच नाही. आठवडाभर फक्त घड्याळ बघा, त्यांना घाई न करता. आमच्याकडे रोज सव्वा तास निघाला. महिन्याचे ३० दिवस धरले (कारण सुट्टी ठरलेलीच नव्हती, त्यावर पुढे येते) तर साडेसदतीस तास. २५०० भागिले ३७.५ म्हणजे तासाला ६७ रुपये.

मग स्वतःचा तास काढा. महिन्याला ८० हजार मिळत असतील आणि २०० तास काम होत असेल तर तासाला ४००. दोघींचा तास सारखा व्हावा असं मी म्हणत नाही, पण हे दोन आकडे एका कागदावर शेजारी लिहिले की मन जरा जागं होतं.

आता उलटीकडून या. तिचं घर चालायला किती लागतात? हे अंदाजाने ठरवू नका, विचारा. मी मावशींना म्हटलं, मावशी, राग येणार नसेल तर विचारते, महिन्याला घराला किती लागतात हो? त्या आधी संकोचल्या, मग चहा घेत घेत आम्ही दोघींनी मांडलं. खोलीचं भाडं ५०००, किराणा-दूध-गॅस ७०००, पोरांची शाळा-क्लास-वह्या २५००, लाईटबिल आणि मोबाईल १०००, बस १०००, दवाखाना आणि वरचं १५००. झाले १८ हजार. यात बचत नाही, सणवार नाही, गावाकडचं लग्न नाही. नवरा सेंटरिंगच्या कामाला, पावसाळ्यात काम बंद.

त्या सहा घरं करतात. दिवसाचे सहा तास प्रत्यक्ष काम, शिवाय एका घरातून दुसऱ्या घरी चालणं, जिने चढणं, दाराबाहेर थांबणं, ज्याचे कुणीच पैसे देत नाही. आठवड्याला एक सुट्टी धरली तर २६ दिवस गुणिले ६ म्हणजे १५६ तास. १८ हजार भागिले १५६, तासाला ११५ रुपये. आमचे महिन्याचे तास २६ दिवसांनी साडेबत्तीस, म्हणजे ३,७५० च्या आसपास.

२५०० आणि ३७५०. इतकी वर्षं दर महिन्याला १२५० रुपये मी कमी देत होते आणि ते कमी पडलेले पैसे त्यांच्या घरात कुठूनतरी भरून निघत होते, कधी भाजीतून, कधी स्वतःच्या औषधातून, शेवटी सावकाराकडून.

तुमच्याकडे आकडा वेगळा येईल. बाणेर-बावधनला अंतर जास्त, बसचे पैसे जास्त (पीएमपीचं पाचचं तिकीट २०२५ च्या जूनपासून दहा झालंय, चार वेळा चढउतार करणाऱ्या बाईला ते फार जाणवतं), तर ते धरा. घरात म्हातारं माणूस आहे, लहान बाळ आहे, भांडी दोन वेळा पडतात, तर तास वाढतील. पाहुणे आले की त्या दिवसाचे वेगळे द्या. आणि एकदम दीडपट परवडत नसेल तर दोन टप्प्यांत वाढवा पण दुसऱ्या टप्प्याची तारीख आजच सांगून टाका, नाहीतर ती कधी येत नाही.

एक गोष्ट सध्या सारखी ऐकू येते, आता त्यांना लाडकी बहीणचे १५०० येतात की. अहो ते सरकारने त्यांना दिलेले पैसे आहेत, आपला पगार वाचावा म्हणून दिलेले नाहीत.

सुट्टी आणि खाडे

सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात. आमच्याकडे पूर्वी दोन खाडे माफ, तिसऱ्यापासून कापायचे अशी पद्धत होती. आता आठवड्याला एक ठरलेली पगारी सुट्टी, शिवाय वर्षाला १५ दिवस आजारपण आणि गावासाठी, पगारी. आपल्याला ऑफिसात सीएल, एसएल, पीएल सगळं असतं आणि आपण ताप आला तर मेसेज टाकून झोपतो. तिला ताप आला तर ती दोन घरं करून तिसऱ्या घरी माफी मागते.

आपण गावाला गेलो आणि काम बंद ठेवलं तर त्या दिवसांचा पगार कापायचा नाही. मे महिन्यात अर्धं पुणं गावाला जातं आणि बऱ्याच बायकांचा जूनमधला पगार अर्धा होतो, नेमका शाळा सुरू व्हायच्या वेळेला.

हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही. १९८० मध्ये पुण्यात मोलकरणींनी संप केला होता, त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. आजारपणाची रजा, हक्काची सुट्टी, दिवाळीला बोनस या गोष्टी पुण्याच्या बायकांनी तेव्हापासून भांडून मागितल्यात. दिवाळीला एक पगार बोनस ही रीत आपल्याकडे बऱ्याच घरांत आहे, तीही मोठ्या मनाची गोष्ट म्हणून आपोआप आलेली नाही. साडी द्यायची असेल तर द्या, पण बोनसच्या बदल्यात नको. त्यांच्याकडे सहा घरांच्या सहा साड्या असतात.

दरवर्षीची वाढ, न मागता

महागाई वर्षाला ६ टक्के धरली आणि पगार तीन वर्षं तसाच ठेवला तर २५०० ची किंमत २१०० च्या आसपास येते. म्हणजे आपण काहीच न करता पगार कापलेला असतो. एक महिना ठरवून टाका, गुढीपाडवा किंवा स्वतःच्या इन्क्रीमेंटचा महिना, आणि दरवर्षी १० टक्के वाढवा. मागायची वेळ येऊ देऊ नका, मागताना त्या बाईच्या चेहऱ्यावर काय येतं ते मी बघितलंय.

पैसे यूपीआयने देता का? मग नंबर कुणाचा आहे ते विचारा. आमच्या शेजारी दोन वर्षं पगार जात होता तो नवऱ्याच्या खात्यावर, कारण फोन त्याचा. त्या ताईंच्या हातात काही येतच नव्हतं. स्वतःचं खातं नसेल तर पोस्टात किंवा बँकेत उघडायला एक दिवस त्यांच्यासोबत जा, फॉर्म भरायला मदत लागते.

उचल

उचल द्या, बिनव्याजी. माझा अनुभव असा की एक पगार ते दोन पगार इतकी उचल आणि दर महिन्याला पगाराच्या पाचव्या भागापेक्षा जास्त कापायचं नाही. वहीच्या दोन प्रती ठेवा, एक त्यांच्याकडे. आणि उचल आहे म्हणून त्यांना काम सोडता येणार नाही असं वागू नका, नाहीतर आपणही तेच करतो जे सावकार करतो.

४० हजारांचं आम्ही चार घरांनी मिळून केलं, प्रत्येकी १० हजार, सावकाराचं खातं बंद, आता त्या चौघांना महिन्याला थोडं थोडं फेडतात. दर महिन्याचे २००० व्याजाचे वाचले. त्यातून त्या वस्तीतल्या बचत गटात परत पैसे भरायला लागल्या.

जी माहिती आपल्याला असते आणि त्यांना कुणी सांगत नाही

मला सगळ्यात लागलं ते हे. ज्या हॉस्पिटलने डिपॉझिट मागितलं ते धर्मादाय होतं. महाराष्ट्रात धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. निर्धन म्हणजे कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत. निर्धन रुग्णाकडून डिपॉझिट मागता येत नाही. पुण्यात मोठमोठी धर्मादाय हॉस्पिटलं आहेत. पण काउंटरवर जाऊन "समाजसेवक कुठे बसतात, आम्हाला धर्मादाय योजनेत बेड हवाय" हे एक वाक्य म्हणावं लागतं, आणि ते त्या रात्री मावशींना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. मला माहीत नसून चाललं कारण माझ्याकडे इन्शुरन्स आहे.

तर आजारपण यायच्या आधी कागद तयार ठेवायला मदत करा. रेशनकार्ड, आधार, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ५ लाखांपर्यंतचे उपचार येतात, कुठल्या हॉस्पिटलला ती चालते ते फोनवर बघून द्या. ई-श्रमची, म्हणजे केंद्र सरकारकडे असंघटित कामगार म्हणून नोंदणी मोबाईलवर होते. राज्याचा २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, १८ ते ६० वयाच्या बायकांना नोंदणी करता येते. नोंदणीला आपलं पत्र लागलं तर ते द्यायला अजिबात घाबरू नका, लोक उगाच घाबरतात.

मुलं लहान असतील तर आरटीईचे, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचे फॉर्म. खासगी शाळांत प्रवेश जिथून सुरू होतो त्या वर्गात २५ टक्के जागा गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी राखीव असतात, फॉर्म ऑनलाईन असतो आणि मुदत कधी येते आणि कधी जाते वस्तीत कळतही नाही. २०२४ मध्ये सरकारने नियम बदलून एक किलोमीटरच्या आत सरकारी शाळा असेल तर खासगी शाळांना त्यातून सूट दिली होती, मुंबई हायकोर्टाने जुलैमध्ये ते रद्द केलं. एखाद्या घरातल्या मुलीला आईच्या मागे भांड्याला न यावं लागण्याचा तो एक रस्ता आहे, त्यामुळे जानेवारीपासून वेबसाईटवर लक्ष ठेवा आणि मुदत सुरू झाली की त्यांना सांगा.

पगाराच्या पलीकडचं

बाथरूम वापरू द्या. सकाळी सातला घराबाहेर पडलेली बाई दुपारी दोनपर्यंत सहा घरांची बाथरूम धुते आणि तिला एकाही घरात जायची मुभा नसते. मावशी दिवसभर पाणीच कमी पितात हे मला फार उशिरा कळलं, आणि डॉक्टरांनी मूतखडा सांगितला तेव्हा त्यामागचं कारण लक्षात आलं. सोसायटीत खाली कामगारांसाठी टॉयलेट असेल तर त्याला कुलूप नाही ना ते बघा. वेगळा कप, वेगळी लिफ्ट, हे बंद करायला पैसेही लागत नाहीत.

आणि ग्रुपवर बोला. मी माझा हिशोब जसाच्या तसा टाकला, तास, भाडं, भागाकार सगळं, मावशींचं नाव न घेता आणि त्यांना विचारून. तीन दिवस वाद झाला. एका काकांनी लिहिलं की तुझ्यामुळे सगळ्यांना वाढवावे लागतील, मी लिहिलं हो काका, वाढवू या. चाळीसपैकी अकरा घरांनी वाढवलेत आतापर्यंत. दोन घरांतले लोक पेन्शनर आहेत, त्यांना खरंच जमत नाही, त्यांनी काम कमी केलं, पैसे तेच ठेवले, तासाचा दर आपोआप वाढला. हा मार्ग मला सुचला नसता.

शेवटचं म्हणजे कागद. वहीच्या पानावर मराठीत लिहा: काम कुठलं, वेळ किती, पगार किती आणि कुठल्या तारखेला, सुट्ट्या किती, बोनस, वाढ कुठल्या महिन्यात, आणि काम थांबवायचं असेल तर दोन्हीकडून एक महिना आधी सांगायचं, आम्ही आधी सांगितलं नाही तर एक पगार द्यायचा. बदली होऊन घर सोडून जाणारे लोक शेवटच्या आठवड्यात सांगतात आणि त्या बाईचा सहावा हिस्सा एका झटक्यात जातो. दोघांच्या सह्या, एक प्रत त्यांच्याकडे. आमच्या मावशींनी ते पान धाकट्या मुलाकडून दोनदा मोठ्याने वाचून घेतलं आणि रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलंय.